पूर ओसरला, जमिनीतील पाण्याचे काय?

तासगाव : कृष्णाकाठच्या पुराचे मोजमाप सांगलीच्या आयर्विन पुलावरील फुटांत होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. मात्र, हा आकडा केवळ नदीपात्राचा आहे. जमिनीखालील पाण्याची गणती त्यात होत नाही.

तासगाव तालुक्यातून वाहणारी येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा दुथडी भरली, की येरळेला फुगवटा येतो. त्याच वेळी काठच्या काळ्या जमिनी पावसाने चिंब झालेल्या असतात. उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे अनेक शिवारांत भूजल आधीच वर आलेले असते. वाढत्या क्षारपड जमिनी ही त्याचीच खूण. अशा ठिकाणी पाणी मुरण्यास जागा उरत नाही आणि नदी उतरल्यानंतरही पिके पाण्यातच राहतात.

नदीचा प्रवाह आणि भूजल यांची संगणकीय प्रारूपे सहसा स्वतंत्रपणे तयार होतात. ती जोडल्यास कोणत्या शिवारात पाणी किती काळ साचेल, याचा अंदाज बांधता येईल. अडचण आहे ती माहितीची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पारंपरिक मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये होते. पुराचे जुलै-ऑगस्ट त्यातून निसटतात. नदीकाठच्या विहिरींवर स्वयंचलित नोंदयंत्रे बसविल्यास ही उणीव भरून निघेल. स्थलांतराचे नियोजन आणि पिकांचे पंचनामे या दोन्हींसाठी ती नोंद मोलाची ठरेल.