आमची दखल कोणत्या मापाने?

पत्रिकेचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' किती, हा प्रश्न आता गडहिंग्लजसारख्या गावातल्या प्राध्यापकालाही चुकत नाही. लेखात काय म्हटले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हाला हा सारा व्यवहारच उफराटा वाटतो.

हा आकडा निघतो कसा? पत्रिकेने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा कितीदा संदर्भ दिला गेला, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. युजीन गारफील्ड यांनी 1955 साली सुचवलेले हे माप पत्रिकांसाठी होते. आपण त्याने माणसे तोलू लागलो. 2010 साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक लावले आणि पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या दुकानांचे पेव फुटले. मुखपृष्ठावर घरच्या घरी ठरवलेला इम्पॅक्ट फॅक्टर! मे 2018 मध्ये यूजीसीला आपल्याच यादीतून 4,305 नावे काढावी लागली. पुढे केअर यादी आली. 2025 साली तीही बंद झाली.

या दुकानदारीमुळे 'ओपन ॲक्सेस' हा शब्दच बदनाम झाला, याचा आम्हाला अधिक राग आहे. 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याची मागणी साधी होती: संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता यावे. ज्याला एका संदर्भासाठी एसटीने कोल्हापूर गाठून दिवस मोडावा लागतो, त्याला याचे मोल सांगायला नको.

पण दार उघडे असले म्हणजे घर दिसतेच असे नाही. आपले कितीतरी मराठी लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत पडून आहेत. डोळ्यांना 'शेख महंमद' दिसते. शोधयंत्राला मात्र ती निरर्थक इंग्रजी अक्षरे. त्यात आपली नावे! महंमद, मोहम्मद, मुहम्मद. एकाच अभ्यासकाची तीन माणसे होतात आणि त्याला मिळालेले संदर्भ तिघांत वाटले जातात. मग म्हणायचे, मुस्लिम मराठी संशोधनाची दखल कोणी घेत नाही.

'योगसंग्रामा'वरचा लेख वाचून एखाद्या कीर्तनकाराने शेख महंमदांचा दाखला दिला, तर तो प्रभाव कोणत्या भागाकारात बसणार? तो मोजता येत नाही, म्हणून शून्य धरायचा?

आमचे मागणे आमच्याच संपादकांकडे आहे. अंक युनिकोडमध्ये काढा. प्रत्येक लेख स्वतंत्र ठेवा, सोबत मराठी-इंग्रजी सारांश द्या. लेखकाचे नाव दरवेळी एकाच रीतीने लिहा. ऑर्किड क्रमांक फुकट मिळतो, तो लेखकाकडून मागून घ्या. लेख किती वेळा उतरवला गेला ते जाहीर करा, आणि कोणत्या प्रबंधात, कोणत्या वर्गात वापरला गेला याचीही नोंद ठेवा. त्याला यूजीसीची परवानगी लागत नाही.