अर्धशिशी, गोळी आणि न विचारलेला प्रश्न

डोके दुखले की आपल्याकडे पहिला आरोप पित्तावर होतो. त्यातही दुखणारी बाई असेल तर उपास, जागरण, ऊन अशी कारणे घरातच ठरतात. ती रोज कोणती गोळी घेते, हे मात्र कुणी विचारत नाही. गर्भनिरोधक गोळी आणि अर्धशिशी यांचा संबंध वैद्यकशास्त्राला नवा नाही. पण फेब्रुवारी 2025 मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात डेन्मार्कमधील एक मोठा अभ्यास आला आणि तो पुन्हा पाहण्याची वेळ आली.

15 ते 49 वयाच्या वीस लाखांहून अधिक स्त्रियांच्या 1996 ते 2021 या काळातील नोंदी या अभ्यासात तपासल्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही संप्रेरके असलेली गोळी घेणाऱ्यांत रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण, न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसले. ‘दुप्पट’ हा शब्द घाबरवतो, म्हणून पुढचा आकडाही सांगायला हवा: 4760 स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली तर एक जादा पक्षाघात. निरोगी तरुणीसाठी हा धोका लहान आहे आणि नको असलेले गरोदरपण काही धोक्याविना येत नाही. ब्रिटनमध्ये 1995 साली अशाच इशाऱ्यानंतर अनेकींनी गोळ्या अचानक सोडल्या, आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली.

प्रश्न आहे तो अर्धशिशी असणाऱ्यांचा, आणि तिथेही सगळ्या अर्धशिशी सारख्या नसतात. काहींना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, नजरेचा काही भाग पुसल्यासारखा होतो, एका हाताला किंवा ओठांना मुंग्या येतात, कधी शब्द सापडत नाही. पाच मिनिटांपासून तासाभरात हे ओसरते. याला ‘ऑरा’ म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका मुळातच सुमारे दुप्पट असतो. त्यावर इस्ट्रोजेनची गोळी आली की हे दोन धोके एकमेकांत मिसळतात. 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात, अर्धशिशी आणि गोळी दोन्ही नसणाऱ्यांच्या तुलनेत तो सुमारे सहापट आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरा असलेल्या स्त्रीसाठी संयुक्त गोळी चौथ्या वर्गात, म्हणजे ‘वापरू नये’ या वर्गात आहे. त्यात वयाचीही सूट नाही. सोबत धूम्रपान किंवा रक्तदाब असेल तर बोलायलाच नको.

ऑरा नसलेल्यांची तक्रार वेगळी असते. त्यांचे डोके बहुधा इस्ट्रोजेन एकदम उतरल्यावर दुखते. माला-एनच्या पाकिटात 21 गोळ्या संप्रेरकांच्या आणि 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत डोके धरले की दोष लोहाच्या गोळीला जातो, खरे कारण मात्र संप्रेरक थांबणे हे असते. इथे गोळी बदलून किंवा मधली खंडाची मुदत कमी करून डॉक्टरांना बरेच काही करता येते.

आता आपल्याकडची अडचण. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात गोळी वापरणाऱ्या विवाहित स्त्रिया 5.1 टक्के आहेत. नसबंदी मात्र 37.9 टक्के. म्हणजे हा विषय आपल्याकडे फारसा नाही असे वाटेल. पण तीच गोळी ‘पीसीओडी’साठी, अनियमित पाळीसाठी, मुरुमांसाठीही दिली जाते. अविवाहित मुलगी ती सहा महिने घेते आणि ‘गर्भनिरोधक घेतेस का?’ विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ती पाळीची गोळी असते. गणपती-गौरीच्या दिवसांत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतले जाणारे नोरएथिस्टेरॉन तर औषध म्हणूनही कुणी धरत नाही. मोठ्या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्येच बदलतो. वहिनीने घेतली, काही झाले नाही, या हमीवर ती घेतली जाते. वहिनीला नागमोडी रेषा दिसत होत्या का, हे कोण विचारणार?

माला-डी चिठ्ठीशिवाय मिळते आणि ती तशी मिळावी, या मताचा मी आहे. डॉक्टरच्या दारात उभे राहणे अनेकींना परवडत नाही. वेळेनेही आणि लाजेनेही. पण आशाताई असो वा औषध दुकानदार, गोळी देताना दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट पुरते: डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकते का? रक्तदाब कधी मोजला आहे का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तरी बाईला रिकाम्या हाताने परत पाठवायचे कारण नाही. तांबीत संप्रेरक नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘छाया’ सरकारी केंद्रांत मोफत मिळते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नाही.

गोळी सुरू केल्यावर पहिल्यांदाच अशा रेषा दिसू लागल्या किंवा नेहमीची डोकेदुखी वाढू लागली, तर पाकीट संपायची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे, आणि तोवर निरोधचा आधार घ्यावा. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसली तर ती अर्धशिशी समजून अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.