राप म्हणजे हानी नव्हे : घासलेल्या शिवराईच्या निमित्ताने

१/ शिवराई तांब्याची. पण दोन-अडीचशे वर्षांची शिवराई कालच तांबटआळीतून आणलेल्या घागरीसारखी गुलाबी लखलखत असेल, तर तिला कोणीतरी सोलून काढले आहे एवढे निश्चित समजावे. अशा ‘स्वच्छ’ नाण्यांची छायाचित्रे हल्ली अभिमानाने मिरवली जातात आणि शेजारचे न घासलेले, तपकिरी-काळसर नाणे ‘खराब’ ठरते. आजचा थ्रेड या समजुतीविरुद्ध आहे.

२/ आधी शब्दाविषयी. काळाच्या ओघात धातूच्या पृष्ठभागाचा जो रंग पालटतो, त्याला संग्राहक टोनिंग म्हणतात. मी राप म्हणेन. उन्हाने माणूस रापतो, तसे हवेने नाणे रापते. आपल्याकडे तांब्यापितळेवर चढणाऱ्या हिरव्या पुटाला कळंक म्हणतात आणि कुळाच्या नावाला लागतो तोही कळंकच. खटला उभा राहण्यापूर्वीच भाषेने आरोपीला दोषी ठरवून टाकले आहे!

३/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा रसायनशास्त्राचा आहे. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. नाण्याचीच चांदी गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड बनते. म्हणजे धातू खर्ची पडला, मूळ पृष्ठभाग बदलला; मग ही हानी नव्हे तर काय? युक्तिवाद सरळ आहे. त्यात प्रमाणाचा विचार मात्र नाही.

४/ गणित करून पाहू. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील रुपया : वजन ११.६६ ग्रॅम, व्यास सुमारे ३० मिलिमीटर. त्यावर सर्वत्र १०० नॅनोमीटर जाडीचा सल्फाइडचा थर बसला असे धरले, तर त्यात गुंतलेली चांदी भरते साधारण एक मिलिग्रॅम. संपूर्ण नाण्याच्या अकरा-बारा हजारांतील एक भाग. आणि ती कोठे गेलेलीही नाही. ठशाच्या प्रत्येक उंचवट्याला बिलगून नाण्याच्याच अंगावर बसलेली आहे.

५/ एवढ्या पातळ थरातूनच ते सोनेरी, जांभळे, निळे रंग उमटतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंगपट्टे दिसतात, त्यामागेही हेच प्रकाशविज्ञान आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मॉर्गन डॉलर. हे चांदीचे डॉलर १८७८ पासून पाडले गेले आणि त्यांतील लक्षावधी नाणी, एका पिशवीत हजार याप्रमाणे, जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत दशकानुदशके पडून राहिली. कापडातील गंधकाचा ज्या बाजूला स्पर्श झाला, तेवढी बाजू इंद्रधनुषी झाली. आज पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या नाणेपरीक्षण संस्था अशा नैसर्गिक रंगाला दोष मानत नाहीत. उलट अयोग्य रीतीने साफ केलेल्या नाण्याला नेहमीची अंकश्रेणी नाकारतात. अर्थात बाजार म्हणतो म्हणून ते सत्य, असे मी म्हणत नाही. बाजार पुष्कळ काही म्हणतो.

६/ आता साफसफाईचा हिशेब. चांदी उजळण्याची तयार द्रावणे सल्फाइड विरघळवतात. म्हणजे नाण्याच्या अंगावर असलेला तो एक मिलिग्रॅम आता मोरीत जातो. उघडी पडलेली चांदी पुन्हा काळवंडते, पुन्हा धुतली जाते. त्याहून वाईट म्हणजे झळाळी मरते. ठशाच्या आघाताने धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नव्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो तो या रेषांमुळे. वारंवार धुतल्याने त्या बोथट होतात. नंतर नाणे पांढरे दिसते, जिवंत दिसत नाही.

७/ तांब्याची कथा अधिक करुण आहे. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. राज्याभिषेकापासूनचे हे नाणे पुढे पेशवाईतही पाडले जात होते, म्हणून कोणती शिवराई कोणत्या काळातली हे ओळखण्यासाठी अभ्यासक काय पाहतो? अक्षरांचे वळण, ‘शिव’ की ‘सिव’, ऱ्हस्व की दीर्घ, ठिपके, चिन्हे, दुदांडी शिवराईवरच्या त्या दोन आडव्या रेघा. हे सारे कोठे असते? जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा त्या तपकिरी-हिरव्या थरातच टिकून असतो. थराखालचा धातू खडबडीत, खड्डे पडलेला असतो. चिंच, लिंबू-मीठ किंवा राखुंडी लावणारा माणूस समजतो की आपण अक्षरावरची घाण काढतो आहोत. प्रत्यक्षात तो अक्षरच काढत असतो. वेलांटी गेली, ठिपका गेला, उरली एक गुलाबी चकती.

८/ हानीची माझी कसोटी म्हणूनच साधी आहे : ठशाने धातूवर जे लिहिले, ते वाचण्याची शक्यता कमी झाली काय? या कसोटीवर काही बदल निःसंशय हानी ठरतात, आणि रापाचे कैवारी ते मान्य करत नाहीत याचा मला राग येतो. चांदीवरचा राप इतका दाट व्हावा की झळाळीच गिळली जावी, ही हानी. तांब्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी फुटू लागली तर तो राप नव्हेच. आतील क्लोराइड ओलाव्याच्या साहाय्याने धातू पोखरत असते. संग्राहक याला ब्राँझ डिसीज म्हणतात. असे नाणे वेगळे काढून कोरडे ठेवावे आणि जाणकार संवर्धकाला दाखवावे. स्वस्त, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमुळे येणारा चिकट हिरवा लेपही याच जातीचा. त्याला इतिहास म्हणून गोंजारू नये.

९/ आणि कृत्रिम राप? गंधक आणि उष्णता वापरून आठवड्यात इंद्रधनुष्य उगवणारे कारागीर आहेत. त्या रंगाचे रसायन खऱ्या रंगासारखेच असू शकते. खोटी असते ती त्याची जन्मकथा. रंगासाठी वेडे पैसे मोजणाऱ्यांनी हा धंदा पोसला आहे.

१०/ लक्ष्मीपूजनाचे रुपये दरवर्षी घासूनपुसून चौरंगावर मांडतात, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. ती घराची लक्ष्मी आहे, नमुना नव्हे. आणि आजीच्या बोटांनी गुळगुळीत झालेली राणी हाही एक इतिहासच.

११/ तक्रार आहे ती विक्रीच्या टेबलावर ‘स्वच्छ, सुस्पष्ट’ म्हणून चढ्या दराने मांडलेल्या गुलाबी शिवराईविषयी. घेण्यापूर्वी भिंग लावा आणि अक्षरांच्या कडा पाहा : एकाच दिशेचे बारीक ओरखडे, गोलावलेले कोपरे आणि खाचेत अडकलेली पांढरी पूड. घरात आधीच घासलेले नाणे असेल, तर त्याला रंग लावून ‘जुने’ करू नका. कोरड्या जागी ठेवा. काही वर्षांत ते आपोआप तपकिरी होईल. ‘शिव’ची गेलेली वेलांटी तेवढी परत येणार नाही.