आरोग्यविचार : कपाळामागचीं दालनें

गेल्या महिन्यांत कोल्हापुरास मंगळवार पेठेंत एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचें जुनें घर. धाकटीं-थोरलीं मिळून अकरा माणसें. सूनबाईंस आठ दिवस पडसें होतें, कपाळ ठणकत होतें, आणि चिरंजीवांचा आग्रह, कीं आजच सी. टी. स्कॅन करून घ्यावा. सासूबाई वेखंडाचा लेप घेऊन उभ्या. निवाडा माझ्यावर सोंपविण्यांत आला!

गालाच्या, कपाळाच्या, डोळ्यांमधील व नाकामागील हाडांत मिळून पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांतील ओलावा बारीक वाटांनीं नाकांत उतरतो. त्या वाटा बुजल्या कीं आंत स्राव सांचतो. साध्या क्ष-किरण चित्रांत एका हाडाची छाया दुसऱ्यावर पडते आणि या वाटा नीट दिसत नाहींत. सी. टी. यंत्र क्ष-किरण सभोंवार फिरवून गणिताच्या साहाय्यानें पातळ छेदांचीं चित्रें जुळवितें. इंग्लंडांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं तें घडविलें. पहिल्या रुग्णाचें मस्तक १९७१ सालीं तपासलें गेलें.

मग सूनबाईंची तपासणी कां नको? कारण साध्या पडशांतही हें चित्र बिघडलेलेंच दिसतें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत नुकतेंच पडसें झालेल्या ३१ जणांपैकीं २७ जणांच्या गालाच्या पोकळ्यांत दोष आढळला, आणि पुढें पुन्हा तपासलेल्यांपैकीं बहुतेकांचा तो जंतुनाशक औषधावांचूनच निवळला होता. चित्र खरें; परंतु तेवढ्यावरून रोग ठरविला तर फसगत. तक्रार बारा आठवडे टिकली, औषधांनीं गुण आला नाहीं, किंवा शस्त्रक्रिया ठरली, म्हणजे मात्र हा नकाशा हवाच. डोळा व या पोकळ्या यांमधील पडदा कांहीं ठिकाणीं कागदासारखा पातळ असतो, आणि शस्त्रवैद्यास तें आधीं ठाऊक असलें पाहिजे.

हें बोलणें चाललें असतां माजघरांत एकट्याच बसलेल्या आत्याबाईंकडे लक्ष गेलें. चार महिने त्या पंगतीस बसत नव्हत्या. डाव्या नाकपुडीस घाण वास येतो, म्हणून त्यांनीं आपलें पान निराळें मांडून घेतलें होतें. घरच्यांनीं तें वयाचें खूळ मानलें. तपासणी खरी त्यांची व्हावयास हवी होती! एकाच बाजूचा दुर्गंधी स्राव ही सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे. शिवाय त्यांस मधुमेह. २०२१ सालच्या करोनाच्या साथींत काळ्या बुरशीनें महाराष्ट्रांत कितीएक मधुमेही रुग्णांचे डोळे गेले, ते याच पोकळ्यांच्या वाटेनें. गाल बधिर होणें, डोळा सुजणें, नजर अंधुक होणें, असें कांहीं दिसल्यास बारा आठवडे कसले, बारा तासही थांबूं नये.

आत्याबाईंच्या बाबतींत तसें कांहीं निघालें नाहीं. छेदचित्रांत वरच्या दाढेच्या मुळाशीं पू आणि लगतची पोकळी भरलेली दिसली. या दाढांचीं मुळें पोकळीच्या तळास अगदीं भिडलेलीं असतात. नाकाचें दुखणें दांतांत निघालें! दाढ काढून उपचार झाले. परवांच निरोप आला, कीं आत्याबाई पुन्हा पंगतीस बसूं लागल्या. सूनबाईंचें पडसें वेखंडानें बरें झालें कीं चार दिवसांच्या विश्रांतीनें, यावर मात्र सासूबाईंचें व माझें अद्याप एकमत नाहीं.