उपासना म्हणजे काय? मुलांना नाताळच्या पलीकडचं सांगूया



डिसेंबर आला की आपल्या शाळांत सांताक्लॉज येतो, केक येतो, लाल टोप्या येतात. मुलं खूश होतात आणि ख्रिस्ती धर्माची ओळख तिथेच संपते. मला हे अपुरं वाटतं. बाळकुमची मुलं ठाण्यात गेली की मासुंदा तलावाजवळचं चर्च बघतात. रविवारी तिथे लोक का जमतात, हेही त्यांना कळायला हवं.

ख्रिस्ती उपासनेत बायबलचं वाचन असतं, गाणी असतात, चुकांची कबुली आणि इतरांसाठी प्रार्थना असते. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारसही असतो. पण येशूची एक अट आहे. वेदीपाशी अर्पण आणलं आणि कुणी आपल्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायचा. म्हणजे देवाची स्तुती करताना माणसाशी वागणंही सुधारलं पाहिजे.

ही उपासना मराठीला परकी नाही. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात. तरीही वर्गातल्या ख्रिस्ती मुलाला, "तुम्ही घरी इंग्रजीच बोलता ना?" असं विचारलं जातं. हा प्रश्न त्याला वेगळं पाडतो.

म्हणून यंदा केक कापण्याआधी मुलांना विचारा: आज तुम्ही कोणाशी कट्टी सोडणार? हे उत्तर कुठल्याही धर्माचं मूल देऊ शकतं.