ट्यूब उलटी करून वाचा

बीडचा एप्रिल. पोलीस भरतीच्या तयारीसाठी तुम्ही मैदानावर घाम गाळताय, किंवा भर दुपारी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर कॉलेजातून घरी निघालाय. पारा चाळिशीपार गेला की बॅगेत सनस्क्रीनची ट्यूब येते. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी रील पाठवतं, ‘सनस्क्रीन रक्तात जातं, हार्मोन्स बिघडवतं.’ झालं! ट्यूब कपाटात.

ही रील सगळीच खोटी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये २४ जणांना दिवसातून चार वेळा, चार दिवस, अंगाच्या पाऊण भागावर सनस्क्रीन लावायला दिलं. ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं रक्तात सापडली. २०२० मध्ये ४८ जणांवर पुन्हा तपासलं, तर एकदाच लावूनही तेच दिसलं. म्हणजे त्वचा ही काही पक्की भिंत नाही.

पण रक्तात सापडणं वेगळं आणि अपाय होणं वेगळं. या रसायनांच्या आणखी चाचण्या हव्यात, पण तोवर सनस्क्रीन सोडू नका, असं त्याच संशोधकांनी सांगितलं. ऑक्सिबेन्झोन मोठ्या प्रमाणात खाऊ घातल्यावर उंदरांमध्ये हार्मोनसारखा परिणाम दिसला होता. माणसांत तसा ठोस पुरावा नाही. तरी युरोपियन युनियनने २०२२ मध्ये खबरदारी म्हणून त्याची मर्यादा चेहऱ्याच्या उत्पादनांत ६ टक्के आणि सर्वांगाला लावायच्या उत्पादनांत २.२ टक्के केली. तुम्हाला शंकाच नको असेल, तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. ते त्वचेवरच राहून ऊन अडवतं. चेहऱ्यावर थोडी पांढरी झाक राहील, एवढंच.

आता कपाटातली दुसरी ट्यूब बघा. ‘आठ दिवसांत गोरं’ व्हायला मैत्रिणीने सुचवलेली. त्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय? मग ते स्टिरॉइड आहे, म्हणजे हार्मोनच्याच घराण्यातलं औषध! केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टिरॉइड क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सर्रास चेहऱ्याला लागतात. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, मुरूम येतात, नको तिथे केस उगवतात आणि क्रीम थांबवलं की आग होते.

लेबल नसलेली डबी तर त्याहून वाईट. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींनी गोरेपणाचं स्थानिक क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. २०२३ मध्ये हे प्रकरण पुढे आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला.

बघा, हार्मोनच्या भीतीने आपण सनस्क्रीन टाकून देतो आणि हार्मोनच असलेलं क्रीम हौसेने चोळतो. कारण मनातली खरी भीती उन्हाची नाही, काळं पडण्याची आहे. ती भीती आपल्या मनात कुणी घातली, हे एकदा स्वतःला विचारा.

उन्हापासून जपायला सनस्क्रीन जरूर लावा. रंग बदलायला काहीच लावू नका. चेहरा बिघडलाच असेल तर लपवत बसू नका, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी गाठा. आणि तो स्कार्फ, ती टोपी? ती राहू द्याच. त्यातलं काहीच रक्तात जात नाही.