भाला खाली ठेवल्यावर



ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या उजाड माळावरून आम्ही गाडीने गेलो. आयर हायवेचा 146.6 किलोमीटरचा एक टप्पा अगदी सरळ, एकही वळण नाही. रोझरीची माळ संपली, तरी रस्ता तसाच! पुढे हेड ऑफ बाइटच्या कड्यावरून देवमासे दिसले. आई आणि तिला बिलगून पोहणारे पिल्लू.

या जातीचे नाव 'राइट व्हेल', म्हणजे शिकारीला योग्य. ते संथ पोहतात, मेल्यावर तरंगतात. माणसाने त्यांना जवळजवळ संपवले. 1935 पासून त्यांना आंतरराष्ट्रीय संरक्षण आहे. पण मादीला साधारण तीन वर्षांनी एकच पिल्लू होते, म्हणून त्यांची संख्या अजून पूर्वीइतकी झालेली नाही.

मागच्या नाताळात आम्ही धाकट्या भावाची माफी मागितली. तो अजून घरी आला नाही, म्हणून आम्हीच रुसलो होतो. त्या कड्यावर आमची चूक कळली. पापनिवेदन झाले, म्हणजे दुखावलेल्याची जखम लगेच भरत नाही. भाला खाली ठेवणे आपले काम. परत कधी यायचे, हे त्याने ठरवायचे. तोवर दार उघडे ठेवावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी.